जपानमध्ये जुने ‘राजिकासे’ शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीच्या कामानिमित्त माझं योकोहामाला जाणं-येणं असतं. रविवार मोकळा असतो आणि हात रिकामे ठेवायची सवय नाही, त्यातून हा नाद लागला. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आता १९ सेट आहेत, त्यांतले १४ वाजतात. ओळखीचे लोक आणि त्यांचे ओळखीचे लोक तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

‘राजिकासे’ म्हणजे नक्की काय?

आपण ज्याला टू-इन-वन म्हणायचो तेच. ‘राजिओ’ आणि ‘कासेत्तो’ या दोन शब्दांची जपान्यांनी केलेली मोळी. कॅसेट मूळची फिलिप्सची, १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात आलेली. पण तिला रेडिओ, दोन स्पीकर, एक हँडल आणि नाचणारे काटे जोडून तिचं खरं सोनं केलं ते जपानी कंपन्यांनी. माझा जीव अडकलाय तो साधारण १९७५ ते १९८३ या काळातल्या सेटांत: जड, खटक्यांची बटणं दाबताना अंगठा दुखावा असे, चांदीच्या रंगाचे. पुढे सीडीवाले, गोलमटोल प्लास्टिकचे सेट आले. ते मी घेत नाही. मला आवडत नाहीत, दुसरं कारण नाही.

त्यासाठी जपानच कशाला? इथे जुन्या बाजारात मिळत नाहीत का?

मिळतात, पण सोलवटलेले. आपल्याकडे वस्तू मरेपर्यंत वापरली जाते, मग दुरुस्त होते, मग पुन्हा मरते. जपानमध्ये माणूस म्हातारा होतो, सेट कपाटात तसाच राहतो, आणि घर रिकामं करताना कव्हरासकट बाहेर येतो. मृत माणसाच्या घरातलं सामान आवरून देणं हा तिथे धंदाच आहे. ‘इहिन सेइरी’ म्हणतात त्याला. शिवाय तोक्योत ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू कचऱ्यात टाकायची तर आधी नोंदणी करायची आणि पैसे भरून स्टिकर चिकटवायचं. त्यापेक्षा जुन्या वस्तूंच्या दुकानात नेऊन दिलेली बरी, असा विचार लोक करतात. आपलं फावतं.

आमच्या काकांनी दुबईहून नॅशनल पॅनासॉनिक आणला होता. अगदी तोच तिथे मिळेल का?

बहुतेक नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि यावर सगळ्यांत जास्त हिरमोड होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आखातातून रत्नागिरी, खेड, दापोलीकडे आलेले, किंवा मनीष मार्केटमधून ‘फॉरेनचा’ म्हणून घेतलेले सेट हे निर्यातीचे होते. त्यांच्यावर एफएम ८८ ते १०८, दोन-तीन शॉर्ट वेव्ह, मागे ११० आणि २२० व्होल्टचा खटका, आणि सगळी अक्षरं इंग्रजी. जपानी गिऱ्हाइकासाठी त्याच कारखान्यांनी त्याच सुमाराला वेगळे सेट काढले: एफएम पट्टा वेगळा, वीज १०० व्होल्ट, बऱ्याचदा शॉर्ट वेव्हच नाही, आणि नावंसुद्धा वेगळी. नॅशनल पॅनासॉनिक बनवणाऱ्या मात्सुशिता कंपनीचा माल जपानमध्ये नुसता ‘नॅशनल’ नावाने विकला जायचा. आपण जेव्हीसी म्हणतो ती कंपनी तिथे ‘व्हिक्टर’. म्हणजे काकांच्या सेटचा जुळा नव्हे, चुलतभाऊ मिळेल. चेहरेपट्टी तीच, बोली वेगळी.

मी स्वतः काकांचाच सेट शोधायला निघालो होतो. पहिली दोन वर्षं दुकानादुकानांत त्याचा फोटो दाखवत फिरलो. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने फोटोतल्या व्होल्टेजच्या खटक्यावर बोट ठेवून मान हलवली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काकांचा सेट हवा असेल तर कोकणातल्या माळ्यांवर शोधा, नाहीतर आखातात. जपानला जायचं ते आपण कधी न पाहिलेले सेट बघायला.

शोधायचं कुठे?

सुरुवात हार्ड ऑफपासून करा. निगाता प्रांतातून निघालेली ही जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची साखळी देशभर पसरली आहे. मोठ्या शहरांच्या मध्यावर तिची दुकानं कमी, उपनगरांत हमरस्त्याच्या कडेला जास्त. त्यामुळे स्टेशनवर उतरून पंचवीस मिनिटं तंगडतोड ठरलेली. आत शिरल्यावर काचेच्या कपाटांकडे बघायचंच नाही. सरळ मागे जायचं, जिथे निळ्या टोपल्या आणि लोखंडी मांडण्यांवर ‘जंक’ माल असतो. वायरींचे गुंते, रिमोटचे ढीग, आणि त्यांच्या वर किंवा खाली, धूळ खात, एखादा सेट. माझा पहिला सेट असाच ३,३०० येनला मिळाला, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आत.

दुसरी जागा उघड्यावरच्या बाजारांची. तोक्योत ओई रेसकोर्सच्या वाहनतळावर शनिवार-रविवारी भरणारा बाजार मोठा आहे. सकाळी लवकर गेलात तर टेंपोतून माल उतरतानाच दिसतो. क्योतोला तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमांगूला २५ तारखेला बाजार भरतो. तिथे किमोनो, चिनी मातीची भांडी आणि लोणची जास्त, पण एखाद्या सतरंजीवर रेडिओ दिसतोच. सेतागायाचा ‘बोरोइचि’ चारशेहून अधिक वर्षं चालू आहे, डिसेंबर आणि जानेवारीच्या १५-१६ तारखांना. गर्दी आपल्या जत्रेसारखी. तिथे मला आजवर एकही सेट मिळालेला नाही, तरी मी जातो.

अकिहाबाराबद्दल लोकांच्या मनात फार कल्पना असतात. आता तिथे खेळणी आणि कार्टूनच्या बाहुल्याच जास्त. पण रेल्वेपुलाखालच्या रेडिओ सेंटरच्या बोळांत आणि रेडिओ डिपार्टमेंट स्टोअरमध्ये अजूनही सुट्या भागांची हातभर रुंदीची दुकानं आहेत. लॅमिंग्टन रोडच्या माणसाला तिथे लगेच घरच्यासारखं वाटेल. सेट नाही, पण खटका, बल्ब, फिरकी तिथे मिळेल. ओसाकात तेच काम निप्पोनबाशीला होतं.

जपानी येत नसेल तर?

चार गोष्टी कळल्या तरी भागतं. चिठ्ठीवर ‘जांकु’ लिहिलं असेल तर माल जसा आहे तसा, परत घेणार नाही, तक्रार ऐकणार नाही. ‘दोसा काकुनिन-झुमि’ म्हणजे चालवून पाहिलेला आहे. इथे ‘दोसा’ म्हणजे चालणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भूकच लागली. ‘कोरे, उगोकिमासु का?’ म्हणजे ‘हा चालतो का?’, आणि ‘तामेशिते मो ईई देसु का?’ म्हणजे ‘जरा लावून बघू का?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘वाकारिमासेन’, ठाऊक नाही, असं येतं. दुसऱ्याला मात्र सहसा ‘दोझो’ म्हणतात, आणि प्लगची जागा दाखवतात.

जपानी सेटवर आपले एफएम लागतात का?

जपानचा एफएम पट्टा पूर्वी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ होता, अलीकडे तो ९५ पर्यंत वाढवला. आपला ८८ ते १०८. म्हणजे सर्वसाधारण जुन्या सेटवर काटा टोकाला नेला तरी आपली स्टेशनं त्याच्या पलीकडे राहतात. नुसती खरखर.

पण एक पळवाट आहे, आणि ती दुकानातच ओळखता येते. जपानमध्ये टीव्हीचे पहिले तीन चॅनेल ९० ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये होते. त्यामुळे काही रेडिओंचा पट्टा मुद्दाम १०८ पर्यंत वाढवलेला असे, टीव्हीचा नुसता आवाज ऐकता यावा म्हणून. अशा डायलवर ९० च्या पुढे ‘टीव्ही’ आणि १, २, ३ असे आकडे छापलेले दिसतात. तो जुना टीव्ही २०११-१२ मध्ये बंद झाला, तेव्हापासून जपान्यांना डायलच्या ९५ च्या पुढच्या भागाचा उपयोग उरला नाही. आपल्याला मात्र ९० च्या पुढे पुण्या-मुंबईची बहुतेक सगळी स्टेशनं मिळतात. एकच रेडिओ घ्यायचा असेल तर असा घ्या.

मिडियम वेव्हची काहीच अडचण नाही. माझ्या प्रत्येक सेटवर पहिली चाचणी आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झची असते. घरात एलईडी दिवे चालू असतील तर ते बंद करून, नाहीतर तेच गातात.

काही मेकॅनिक कॉइल ताणून पट्टा सरकवून देतात. मी एकदाच करून घेतलं. स्टेशनं लागली, पण डायलवरचे आकडे खोटे झाले, आणि ते मला खुपत राहिलं.

१०० व्होल्टचं काय करायचं?

सरळ आपल्या सॉकेटमध्ये लावलात तर पाच सेकंदांत वास येईल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. इथे बाजारात तयार मिळतो तो अमेरिकेहून आणलेल्या वस्तूंसाठी असतो, २३० चे ११० करणारा. आता हिशेब बघा: आपल्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज २४५ पर्यंत चढतं, तेव्हा तो ११७ बाहेर सोडतो. १०० व्होल्टच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या म्हाताऱ्याला ११७ म्हणजे छळ. वाइंडिंग करणाऱ्याला १०० व्होल्टचाच, दोन वेगळ्या वाइंडिंगचा बनवायला सांगा. एकदा खर्च होतो, मग सगळ्या सेटांना चालतो.

पूर्व जपानात वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिमेला ६० हर्ट्झची. ते ऐकून घाबरू नका. या सेटांतली मोटर डीसी असते, तिला हर्ट्झशी देणंघेणं नाही.

मी मात्र बहुतेक वेळा टॉर्चचे मोठे सेल घालूनच ऐकतो. विजेची घरघर नाही, धाकधूक नाही. आठ सेल एक किलोच्या वर भरतात, आणि सेट उचलताना खांद्याला ते कळतं.

दुकानात सेट हातात आला. काय काय बघायचं?

सगळ्यांत आधी सेलचं झाकण उघडा. आत पांढरा-हिरवा बुरा असेल तर सेल गळलेले आहेत. नुसत्या स्प्रिंगा खाल्ल्या असतील तर ठीक, पण तो रस वायरीवरून आत बोर्डापर्यंत चढलेला असेल तर सेट ठेवून द्या. झाकणच नसेल तरी विचार करा, कारण झाकण सुटं कधीच मिळत नाही. एरिअल मोडलेली चालते, बदलता येते.

मग कॅसेटचं दार. हळूच उघडा, हळूच बंद करा. बिजागरीचं प्लास्टिक तडकलेलं असतं आणि तुमच्याच हातात तुटतं. बोट आत घालून पिंच रोलर, म्हणजे तो रबरी चाक, दाबून बघा. मऊ हवा. काचेसारखा चकचकीत झाला असेल तर टेप खाणार.

आता प्लग लावा. रेडिओ लागला, दोन्ही स्पीकर बोलले, तर अर्धी लढाई जिंकली. आवाजाची फिरकी फिरवताना कर्रर्र झालं तरी चालेल, ते स्प्रेने जातं. मीटरचे काटे हलतात का बघा. मग ‘प्ले’ दाबून कान लावा. मोटरची बारीक गुणगुण येते पण चाकं फिरत नाहीत, याचा अर्थ बेल्ट, म्हणजे मोटरची गती चाकांना देणारा रबरी पट्टा, गेला; म्हणजे दोनशे रुपयांचं काम. गुणगुणच नाही, तर मोटर किंवा खटका, आणि ते काम किती लांबेल सांगता येत नाही.

चाकं फिरत असतील तर स्वतःची कॅसेट काढा. मी कायम एकच नेतो: पेटीच्या साथीवरचं भजन, स्वर काळी एक. दुकानात उभ्या उभ्या फोनवर तानपुरा लावतो. भजन काळी एकच्या वर पांढरी दोनला पोचलं तर टेप सुमारे सहा टक्के जोरात पळतो आहे. एवढा फरक मोटरच्या मागच्या बारीक स्क्रूने मारता येतो. पण स्वर एका जागी न राहता लाटेसारखा खालीवर होत असेल तर दुखणं आत कुठेतरी आहे. एकदा काउंटरवरच्या मुलीने भजन संपेपर्यंत थांबून मला काहीतरी विचारलं. मला कळलं नाही, मी ‘इंडिया’ म्हणालो, ती ‘आआ’ म्हणाली.

घासाघीस चालते का?

दुकानात अजिबात नाही, विचारूही नका. उघड्या बाजारात चालते, पण हळू आवाजात, आणि दुपारी आवराआवर सुरू झाल्यावर.

कोणतं मॉडेल घ्यावं?

नावाच्या मागे लागलात तर पैसे जातील. व्हिक्टरचा आरसी-एम९० हा १९८१ चा, अमेरिकेतल्या रॅप गायकांच्या फोटोंमुळे जगभर गाजलेला. तो जंकच्या टोपलीत सापडायचे दिवस संपले. शार्पच्या जीएफ-७७७ चंही तसंच. त्यापेक्षा शार्पच्या साध्या ‘सर्चर’ मालिकेतले सेट बघा. दोन गाण्यांमधली शांतता ओळखून टेप तिथे थांबवायची सोय त्यांत आहे, आणि ती चालते तेव्हा आजही मजा वाटते.

माझ्या मते नवख्या माणसाने पहिला सेट मोनोच घ्यावा. सोनीच्या सीएफ-१९८० मध्ये माइकचा आवाज रेडिओच्या आवाजात मिसळता येतो. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांनी त्यावर अर्धा दिवस काढला. आणि हो, १९८० हे नाव आहे, साल नव्हे. सेट सत्तरच्या दशकाच्या मध्यातला आहे. यावरून विकणारेही फसतात.

वॉकमनचं काय?

पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, १ जुलै १९७९ ला जपानमध्ये ३३,००० येनला आला. हॉलिवूडच्या एका चित्रपटात झळकल्यापासून त्याचे भाव चढलेलेच आहेत. मला कानात घालून ऐकायला आवडत नाही, त्यामुळे याहून जास्त सल्ला देत नाही.

विमानातून आणायचं कसं?

मोठे सेट साठ-सत्तर सेंटिमीटर लांब असतात, म्हणजे केबिनमध्ये मावत नाहीत. ते चेक-इन बॅगेत. हँडल आणि एरिअल बंद करून चिकटपट्टी लावा, बटणांवर फोम ठेवा, मग कपड्यांत गुंडाळा. दोन बाजूंनी उशी हवी. माझ्या एका सेटची फिरकी आतल्या आत दाबली गेली ती वरून ठेवलेल्या बुटांमुळे. दोष माझाच.

सेल सगळे काढून टाका. बॅग उघडायला सांगितली तर चिडू नका, त्यामागे इतिहास आहे. १९८५ च्या जूनमध्ये नारिता विमानतळावर स्टीरिओ ट्यूनरमध्ये लपवलेला बॉम्ब फुटून सामान चढवणारे दोघे गेले. त्याच दिवशी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान बॉम्बने समुद्रावर पडलं. १९८८ मध्ये स्कॉटलंडच्या लॉकरबीवर विमानात झालेल्या स्फोटातला बॉम्ब तर रेडिओ-कॅसेट सेटमध्येच होता, २७० माणसं गेली. क्ष-किरण यंत्रात वायरी, मोटर आणि चुंबकांनी भरलेली ती पेटी दिसल्यावर कुणीही थांबेल. मी सेटच्या मागच्या झाकणाला लागणारा स्क्रूड्रायव्हर त्याच बॅगेत ठेवतो. दोनदा कामाला आला.

टपालाने पाठवायचा असेल तर जपान पोस्टची ईएमएस ही जलद टपालसेवा ३० किलोपर्यंत घेते, पण कधीकधी भाडं सेटच्या दुप्पट होतं.

कस्टमवाले अडवतात का?

पावती जवळ ठेवा आणि निघण्याआधी सामानाच्या सवलतीची चालू मर्यादा बघून घ्या. एक सेट असेल तर कुणी वळून बघत नाही. मी एकदा तीन आणले, तेव्हा ‘दुकान आहे का?’ असं विचारलं गेलं. पावत्यांवरचे आकडे बघून त्या साहेबांनीच मला समजावलं की अशा गोष्टींवर पैसे घालवू नयेत.

बेल्ट वितळतो म्हणतात, म्हणजे नक्की काय होतं?

उघडल्याशिवाय खरं वाटत नाही. मागचं झाकण काढलं, मेकॅनिझम उलटं केलं, की जिथे रबरी पट्टा असायला हवा तिथे काळी काकवी असते. पितळी फ्लायव्हीलच्या कडेवर, पुलीच्या खाचेत, कधी खाली बोर्डावरही ओघळलेली. बोट लावलं तर तार निघते. साबणाने जात नाही, शर्टाला लागली तर शर्ट गेला.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या काड्या घेऊन बसायचं. एका सेटला मला साठ काड्या लागल्या. खाच अगदी लख्ख करायची, कण राहिला तरी आवाज थरथरतो. मग दोरा गुंडाळून जुन्या बेल्टचा मार्ग मोजायचा आणि त्याहून थोडा आखूड चौकोनी बेल्ट घ्यायचा. पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. जुन्या दुकानदाराला नुसतं ‘टेपचे बेल्ट’ म्हटलं की तो वरच्या फळीवरचा डबा काढतो.

जपान सोडून दुसरीकडे?

सोयीचा म्हणाल तर युरोप. वीज आपल्यासारखी, एफएम आपल्यासारखं. बर्लिनला रविवारी माउअरपार्कच्या बाजारात ग्रुंडिगचे सेट दिसतात, लाकडी आणि गंभीर. अमेरिकेत एफएम जुळतं, वीज नाही.

घरबसल्या लिलावात घ्यावा का?

तिथले लिलाव मध्यस्थामार्फत घेता येतात. मी एकदाच घेतला. फोटोत समोरचीच बाजू होती. पोचल्यावर कळलं की मागची बाजू कुणीतरी डाग देऊन पुन्हा जोडलेली. समोर उभं राहून वास घेतल्याशिवाय मी आता घेत नाही. हो, वास. जळलेला ट्रान्सफॉर्मर नाकाला लगेच कळतो.

जुन्या सेटमध्ये कॅसेट अडकलेली मिळते का?

खूपदा. दार उघडत नाही म्हणूनच तो जंकमध्ये आलेला असतो. चिबाजवळच्या एका दुकानातून घेतलेल्या सेटमध्ये एक होती. काचेतून निळ्या शाईची अक्षरं दिसायची, वाचता येत नव्हती. बेल्ट मागून बदलता येतो, तो बदलला आणि प्ले दाबलं. आधी पियानो, मग एक दमदार पुरुषी आवाज: इचि, नि, सान, शि. ती ‘राजिओ तायसो’ होती, जपानच्या एनएचके रेडिओवर रोज सकाळी साडेसहाला लागणारी कवायत. कुणीतरी ती टेप करून ठेवली होती, बहुधा उशिरा उठणाऱ्यासाठी. आमच्या आईला ती चाल आवडली, आणि गुडघे जपत ती त्यावर हात वर-खाली करते. कॅसेट अजून त्याच सेटमध्ये आहे, कारण इजेक्टचं बटण मला अजून दुरुस्त करता आलेलं नाही.